मानेवरच्या जांभळ्या रेषा

माझा मुलगा यादोराव गेला तेव्हा मी घरात नव्हतो. त्याच्या घशाखाली बकरीचं दूध तरी उतरेल, असं कुणीतरी सुचवलं होतं, म्हणून सकाळीच लोटा घेऊन पलीकडच्या टोलीवर, त्या छोट्या वस्तीत, गेलो होतो. शेजारचा गोमा बांधावरून हाका मारत आला... दूध तसंच हातात धरून मी घरी पोचलो. त्याला पाच आठवडे झाले. अजून एका जागी दहा मिनिटं बसवत नाही.

बसण्याचं वावडं मला पहिल्यापासूनच. तीस वर्षं मास्तरकी केली तीही वर्गात येरझारा घालत. यादोराव अगदी उलटा. अर्जुनी मोरगावला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होता. सुटीत गावी, सौंदडला आला की ओट्यावर तासन्‌तास निवांत. पंचविशीत त्याचा आवाज बसला. सर्दी समजून आम्ही हळद-दूध देत राहिलो. नागपूरच्या डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला तेव्हा त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती.

धान कापणीला आलं होतं, म्हणून त्याची माय घरी थांबली आणि मी त्याला घेऊन नागपूरला खोली केली. रोज क्ष-किरणांचा शेक. तो नेमका कुठे द्यायचा यासाठी डॉक्टरांनी त्याच्या मानेवर जांभळ्या शाईने रेषा आखल्या आणि काय जपायचं ते समजावलं. मी तिथे नव्हतो. थांबून ऐकवेना, म्हणून औषधं आणायला धावलो होतो. रेषा रोज नव्याने आखत असतील, असं धरून चाललो.

रविवारी शेक नसे. अशाच एका रविवारी त्याला उठवत नव्हतं. मी पाणी तापवलं, पाटावर बसवून लहानपणी घालायचो तशी आंघोळ घातली. मानेवरचा तो रंग मला खुपत होता. साबण लावून घासू लागलो. त्याने माझं मनगट धरलं. आवाज जवळजवळ गेलाच होता.

"बाबा... राहू द्या ना. पुसून राहिल्या."

"चूप बस," मी म्हणालो. वर्गात म्हणायचो तसंच.

सोमवारी डॉक्टर भडकले. "कोणी धुतलं हे?" मी तोंड उघडायच्या आत यादोराव म्हणाला, "मीच धुतलो, साहेब." आणि मी गप्प राहिलो. त्याची लाज अजून जात नाही. रेषा आखणारे मोठे डॉक्टर परगावी होते. आठ दिवस शेक बंद. ते आठही दिवस मी रस्ते तुडवत होतो. तो खाटेवरून म्हणायचा, "बाबा, बसा ना जरा." पुढे डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी फरक पडला नसता. असेल. मला ते पटत नाही.

गावी परतल्यावर मायने विचारलं, एवढा उशीर काऊन झाला? त्याने तिलाही तेच सांगितलं. ती अजून त्याच्या रिकाम्या खाटेशी भांडते, "काऊन घासला रे बापू? येवढीबी अक्कल नव्हती?" मी मागच्या दाराने बाहेर पडतो.

तिला वाचता येत नाही. पेपरची रविवारची पुरवणी यादोरावच तिला वाचून दाखवायचा. आवाज गेल्यावरही, तिच्या कानाशी कुजबुजत. आता पुरवणी आली की ती घडी न मोडता माझ्यापुढे सरकवते आणि मी काहीतरी काम काढून उठतो. हे लिहिलेलं पुरवणीत छापून येईल त्या रविवारी मात्र उठणार नाही. तिच्याजवळ बसेन, आणि रेषा कुणी पुसल्या ते तिला वाचून दाखवीन.