पदराआड दिसलेली ठिणगी

मंडळी, आज आमच्या कासू गावातल्या घराच्या अंगणातून बाबांची जुनी मोटारसायकल भंगारात जाणार होती. आईनंच भंगारवाल्याला बोलावलं होतं.

बाबा सकाळपासून गाडीशी झटत होते. प्लग बदलला, प्लगला वीज देणारा सीडीआय बदलला, तरी चालू होईना. शेवटी खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली अर्थिंगची वायर सापडली. ती घासून बाबांनी प्लग इंजिनाला टेकवून धरला आणि मी किक मारली. पण भर उन्हात ठिणगी दिसणार कशी? त्यात बाबांना मोतीबिंदू.

आई बडबडतच बाहेर आली, वाकली आणि प्लगवर पदराची सावली धरली.

“दिसते काय गो?” बाबांनी विचारलं.

“व्हय. निळी हाय.”

दुपारी भंगारवाला आला. आईनं त्याला मोडका कूलर दिला. तो गाडीकडे बघायला लागला तशी म्हणाली, “ती चालू हाय.”