माझ्या मुलाचं दुसरं बारसं

माझ्या मुलाचं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या मेहुण्यांचंही नाव आहे, आणि माझी बहीण हे वाचणार आहे. दुसरं नावही लिहीत नाही, कारण ते माझ्या गुरुजींचं आहे आणि पुढे या हकिगतीत शेंबूड येतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

साठीचं दशक होतं. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आमच्या उमरोळीच्या स्टेशनावर कधी न दिसलेली माणसं दिसू लागली होती. मी पालघरच्या शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. गुरुजींनी मला स्वतःच्या घरी ठेवून मॅट्रिकला बसवलं नसतं, तर मी भाताच्या खाचरातच राहिलो असतो. हे मी कधी विसरलो नाही.

मुलगा झाला तेव्हा बायको बरेच दिवस आजारी होती. मूल वाढलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या कडेवर. बारशाला आत्या म्हणून तिनेच त्याच्या कानात कुर्र केलं, स्वतः निवडलेलं नाव ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांचे पाठीत बुक्के खाल्ले. शेजारच्या काकूंचा बुक्का तर असा होता की नाव सांगताना तिचा आवाज मध्येच तुटला. पण ते नाव तिच्या तोंडून ऐकलं की मूल रडायचं थांबे. आम्ही बाकीचे त्याला हाका मारत असू. ती बोलावत असे.

मूल सहा-सात महिन्यांचं असताना बहिणीला प्रकल्पावरच्या एका मुलाचं स्थळ आलं. घर साताऱ्याकडचं, मुलगा आणि त्याची आई बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होते. मध्यस्थ होते माझे एक सहकारी. ते मुलाला सदैव आडनावानेच संबोधत, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं.

बघण्याचा कार्यक्रम झाला. पाहुणे ओटीवर बसले. मुलाने चहाचा कप उचलला आणि तेवढ्यात माजघरातून माझ्या आईचा आवाज आला. आधी नाव, मग पुढे :

"मेल्या, परत पिठाच्या डब्यात हात घातलास? थांब, तुला उलटा टांगते!"

पाहुण्याने कप खाली ठेवला आणि आपले हात पाहिले.

मग पिठाने पांढरं झालेलं मूल बसल्याबसल्या सरकत ओटीवर आलं. पाहुण्याने हसून त्याला उचललं, स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाला, "काय राव, तुम्हीपण तेच का?"

आत दाराआड उभ्या असलेल्या बहिणीने तिथेच ठरवून टाकलं. "दादा, मला हाच पायजे," मी आत गेलो तशी ती माझ्या कानात म्हणाली.

मुलाच्या आईलाही मुलगी पसंत पडली. पण त्यांची एक अट होती : भाच्याचं नाव बदलायचं.

"आमच्यात सून नवऱ्याचं नाव घेत न्हाय," विहीणबाई म्हणाल्या. "मग ही भाच्याला काय म्हणून हाक मारायची? आन तुमी काय, रोज माझ्या लेकाला उलटा टांगणार?"

आईने कानाला हात लावले. माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात असा प्रश्न आला नव्हता.

बहीण मात्र रात्री जेवताना बिथरली. "लगनात माजं नाव बदलनार, ताटात तांदूळ पसरून. आता पोराचंबी बदलायचं. मग त्यांचंच बदला ना! ताट हाय, तांदूळ हायेत, तेवड्यात होईल."

"पुरुषाचं नाव बदलतात का कुठे?" आई म्हणाली.

"का? त्याला तांदूळ टोचतात?"

बायको हसून हसून पाणी प्यायला गेली. पण बहीण हसत नव्हती. मुलाला मांडीवर घेऊन ती हळूच म्हणाली, "त्याला मी हाकच नाय मारली, तर तो मला इसरंल, दादा."

लग्न मोडायचं नव्हतं, तेव्हा मुलाचं नाव बदलायचं ठरलं. दुसरं बारसं केलं. मूल आता पाळण्यात मावेना. ते उठून बसे, पाळण्याच्या दोऱ्या धरून जमलेल्या बायकांना दात दाखवी. बारशाच्या पाळण्यात दात असलेलं मूल शेजारच्या काकूंनी प्रथमच पाहिलं होतं. नवं नाव मी सुचवलं : गुरुजींचं. कुर्र करायचा मान पुन्हा आत्याचाच. बायकांनी हात उगारले तशी ती ओरडली, "आदी पयले बुक्के परत घ्या! ते नाव आता ऱ्हायलं नाय!" काकूंनी तिची तक्रार लक्षपूर्वक ऐकली आणि मग बुक्का घातला.

लग्न झालं, बहीण बोईसरला गेली. इकडे मूल नव्या नावाला दाद देईना. आम्ही कितीही हाका मारल्या तरी ते शांतपणे भिंतीचा पोपडा खात बसे. माझी तर वेगळीच अडचण झाली. बायको स्वयंपाकघरातून गुरुजींचं नाव घेऊन "शेंबूड पूस आधी!" असं ओरडली की मी जागच्या जागी उठून उभा राहायचो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हाच मला विहीणबाईंचं म्हणणं पटलं. पण आता तिसरं बारसं करायला काकूंनी परवानगी दिली नसती.

बहीण माहेरी आली की जुनं नाव तिला घेता येईना, नव्याला मूल वळेना, म्हणून बिचारी त्याला "ए", "अरे", "बाळा" म्हणे. ते तिच्याकडे परक्यासारखं बघे आणि आपल्या उद्योगाला लागे. परतताना स्टेशनवर तिचा पदर डोळ्यांना लागे.

मग एका रविवारी आम्ही बहीण, जावई आणि विहीणबाईंना जेवायला बोलावलं. सातपाटीची मासेवाली सकाळीच पाटी घेऊन आली होती. आईने जावयासाठी मांसाने भरलेल्या जिवंत चिंबोऱ्या निवडून घेतल्या. नांग्या बांधून त्या टोपलीत ठेवल्या होत्या. पाहुणे अंगणात बाजेवर बसले होते. विहीणबाईंनी खेकडे नदीतले पाहिले होते, समुद्रातले नव्हते. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि पाय वर घेतले.

कशी कोण जाणे, एक चिंबोरी आपलं बंधन सोडवून अंगणात उतरली. तिच्या दिशेने, तोंडभर हसत, माझा मुलगा रांगत निघाला.

बायकोने नव्या नावाने हाक मारली. आईने मारली. मी उठलो, तो माझा पाय बाजेच्या सुंभात अडकला आणि मी मेहुण्यांच्या अंगावर पडलो. जुनं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ज्यांचं ते नाव ते माझ्या खाली होते.

बहीण दारात उभी होती, दोन्ही हातांत पेजेचं उकळतं भांडं. तिने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि लग्नात घास भरवतानाही घेतला नसेल इतक्या खणखणीत आवाजात उखाणा घेतला :

"सातपाटीची चिंबोरी, तिला नांग्या दोन,
…राव मागे फिरा, बोट सोडवील कोण?"

मूल थांबलं. वळलं. चिंबोरीला सोडून भराभर रांगत थेट आत्याकडे गेलं आणि तिच्या लुगड्याला धरून उभं राहिलं. ते पहिल्यांदाच उभं राहिलं होतं.

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. "नाव नाय घेतलं, सासूबाय," ती म्हणाली. "उखाना घेतला."

विहीणबाईंनी विचार केला. पाय अजून वरच होते. "उखाण्याला कोण नको म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "उखाण्यात नाव घ्यायचंच असतं. पर बया, दर टायमाला नवा घ्यायचा. शिळा चालायचा न्हाय."

आईने चिंबोरी पकडली, बहिणीने भांडं खाली ठेवून मुलाला कडेवर घेतलं, आणि जेवणं उत्तम झाली. संध्याकाळपर्यंत बहिणीने उखाण्यांचा पाऊस पाडला. भात, केळी, ओलं दुपटं, काही सोडलं नाही. मूल प्रत्येक वेळी हजर. आता मात्र त्याला चटक लागली. नुसतं नाव घेतलं तरी ते येईना. आधी यमक हवं.

निघायच्या वेळी विहीणबाईंनी त्याला जवळ बोलावलं. नव्या नावाने बोलावलं, आलं नाही. मग इकडेतिकडे बघून आपल्या लेकाच्या नावाने बोलावलं. तरी नाही. तेव्हा त्यांनी घसा साफ केला, पदर डोक्यावर घेतला आणि लाजत म्हणाल्या :

"बोईसरच्या गाडीला, अजून हाय वेळ,
…राव या मांडीवर, हातात देते केळ."

मूल निघालं. अंगणाच्या कडेला चपला घालत असलेले मेहुणेही वळले.

"मी, आई?"

"तू ऱ्हा तिथंच," विहीणबाई केळं सोलत म्हणाल्या.