मुठीतली नळी

"ही मूठ म्या सोडनार न्हाय, दादा. हिच्यात तुज्याच बायकूचं रगात हाय. धा मिन्टं व्हऊ दे, मंग बग."

"आल्यापासून चार बाटल्या रक्त नेलं तिचं. ही पाचवी. लगेच कापून पोर काढा म्हनतोय, आन् तू भिंतीला टेकून घड्याळ बघतीस व्हय?"

"बाटल्या न्हाईत त्या. नळ्या हाईत, बोटाएवढ्या."

विक्रमला बारीकसारीक ऐकायचं नव्हतं. त्यानं हातातलं हेल्मेट फिरवलं आणि सोजरबाईच्या भुवईवर हाणलं. कातडं उललं, रक्त डोळ्यात उतरलं. एका डोळ्यानं तिनं परत घड्याळाकडं पाहिलं. तीन मिनिटं झाली होती. सात राहिली.

आत बाळंतपणाच्या वॉर्डात विक्रमची बायको शेफाली पडली होती, आठव्या महिन्यातली. मांजरी गावाहून आणताना गाडीतच दोनदा झटके आलेले, जीभ दातांखाली चिरडलेली. अंगभर सूज, बीपी दोनशेला टेकलेलं, पोट दगडासारखं आणि खालून काळं रक्त. या दुखण्यात रक्ताची गोठायची ताकद कधी कधी पार संपून जाते. तशा बाईवर सुरी चालवली की ती टेबलावरच रिकामी होते. ताकद किती उरली ते लॅब सांगते, पण लॅबला तास लागतो. म्हणून डॉक्टर ऋचानं जुन्या लोकांची पद्धत धरली. साध्या काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि सोजरबाईच्या मुठीत दिलं. अंगाच्या उबेत दहा मिनिटं, हलवायचं नाही. गोठलं तर लगेच कापायचं, नाही तर आधी रक्त गोठवणारा प्लाझ्मा चढवायचा. नळी हिंदकळली की परत पहिल्यापासून. तेवढा वेळ शेफालीकडं नव्हता.

सोजरबाई बावीस वर्षं या वॉर्डात आया. त्याच्या आधी अकरा वर्षं नवऱ्यानं बडवली होती, वहाणेनं, पट्ट्यानं, एकदा सायकलच्या पंपानं. मार कसा खायचा ते तिला कुणी शिकवायला नको होतं. हनुवटी छातीला, पाठ मारणाऱ्याकडं, पोट भिंतीकडं. तशीच ती वळली. फक्त आज पोटाशी मूठ होती, आणि मुठीवर दुसरा पंजा.

विक्रमनं कमरेत लाथ घातली. मग दुसरी.

"आरं, म्हातारीला काय कुटतोस? डॉक्टरनीला धर," त्याचा बाप दत्तोबा ओरडला, आणि त्यानं स्टूल उचलून औषधांच्या कपाटात फेकलं. काचा फरशीभर झाल्या. धावत आलेल्या सिक्युरिटीवाल्याला दत्तोबाचं कोपर तोंडावर बसलं, तो दात थुंकत खाली बसला.

विक्रमनं तिच्या वरच्या पंजाची करंगळी धरली आणि मागं वाकवली. कट्ट वाजलं. सोजरबाईनं मान वळवली आणि त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात हाडाला लागेस्तोवर. तो बोंबलत मागं सरला. तोंडातलं त्याचं रक्त तिनं भिंतीवर थुंकलं.

"आनखी दोन मिन्टं," ती म्हणाली.

ती दोन मिनिटं भरली तसं दार उघडून डॉक्टर ऋचा बाहेर आली. विक्रम तिच्याकडं धावणार, तोच सोजरबाई मध्ये आली आणि तिनं मूठ पुढं केली.

"मावशी, हलली का?"

"अंग हाललं. मूठ न्हाय."

ऋचानं नळी हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं एका कडेनं दुसऱ्या कडेला गेलं. सोजरबाईच्या भुवईवरचं मात्र कधीच थिजून काळं पडलं होतं. विक्रमनं एकदा तिच्या भुवईकडं पाहिलं, एकदा नळीकडं.

"रक्त धरतच नाहीये. आता कापलं तर थांबणार नाही. आधी प्लाझ्मा," ऋचा म्हणाली.

"तुज्या बोलन्यावर कापली आसती," सोजरबाई विक्रमला म्हणाली, "तर आत्ता म्या तिला फडक्यानं गोळा करत आसते. बादलीत. केलीया म्या तशी येक, आट वर्सांखाली."

करंगळीला पट्टी गुंडाळून ती ऋचाची चिठ्ठी घेऊन रक्तपेढीत गेली. प्लाझ्माच्या गोठवलेल्या पिशव्या ऊन पाण्यात वितळेपर्यंत तिथंच उभी राहिली, छातीशी धरून वर आणल्या.

पाच वाजता शेफालीला कापलं. पोर पोटातच गेलं होतं. सहा वाजता ऋचानं दुसरी नळी दिली, तीही सोजरबाईनंच मुठीत धरली. या खेपेला रक्त दह्यासारखं धरलं. शेफाली जगली.

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा सोजरबाई काचा वेचून फरशी पुसत होती.

"बसा की मावशी, निवांत सांगा."

"लिवा तुमी. माजं तोंड मोकळंच हाय."

विक्रम बाकाच्या टोकाला बसला होता, मनगटाला रुमाल बांधून.

"मावशी," तो शेवटी म्हणाला.

"पाय उचल," सोजरबाई म्हणाली, आणि त्याच्या बाकाखाली फडकं घातलं.