धुतलेली हवा

मी नागपुरात टिकलो तो आमच्या वारा मोजायच्या साइटवरच्या इंजिनियर काकांमुळे. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

सकाळी आले की काका गेटातच डोळे मिटून, वाऱ्याकडे गाल करून उभे राहायचे. "पूर्वेचा आहे गा. लागली चहाची शर्त?" मग आम्ही लायडरच्या पडद्यावर बघायचो. लायडर म्हणजे आभाळाकडे तोंड करून ठेवलेली पेटी. तिच्यातून लेझर वर जातो, हवेतल्या धुळीवरून परत येतो, आणि उंचावर वारा किती नि कुठला ते कळतं. काका हरायचे. मला चहा, वर तर्री-पोहे. आयुष्यभर वारा मोजलेला माणूस रोज कसा हरेल, तुम्हीच सांगा.

मी मालवणकडचा, नववीत शाळा सोडलेला. पेटी राखायची, तिची काच पुसायची, हे माझं काम. गावी आई माझ्याच पगारावर.

एकदा दोन दिवस पाऊस लागला. उघडल्यावर मी काच पुसली, तर पडद्यावर वाऱ्याच्या रेघाच येईनात. पुण्यात बसून हाच पडदा बघणाऱ्या मोठ्या साहेबांचा फोन आला, "काय केलंस काचेला? उद्यापासून येऊ नकोस."

मी बॅग भरली.

"काहून गा, कुठं निघाला?" काका आत येत म्हणाले.

"काच बिघडली माझ्या हातून."

त्यांनी वाकून काच पाहिली आणि हसायलाच लागले. "काच चांगली हाये बे! पावसानं हवा धुऊन टाकली. धूळच नाही त उजेड वापस येईन कायवरून? बस इथं." मग साहेबांना फोन लावला, "पोराला काढायचं असेल तर आधी मला काढा."

दुपारी ऊन तापलं, रस्त्यावर ट्रक धावू लागले, आणि पडद्यावर रेघा उमटल्या. मला रडूच आलं.

"रडू नको," काका म्हणाले, "हवा अजून धुशीन."

यंदा त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं. नाकात नळी, बोलताना धाप. "तुह्या गावचा समुद्रावरचा वारा पाहाचा राहिला गा."

"बरे व्हा, मी नेतो," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात गेले.

साइटवर आता नवे साहेब आहेत. चांगले आहेत. मला 'सिक्युरिटी' म्हणतात.

काकू सक्करदऱ्याला एकट्याच असतात. गावी चला म्हटलं, तर "पाहू गा" म्हणाल्या. पण मी नेणारच. आईच्या हातचं जेवू घालीन, संध्याकाळी किनाऱ्यावर बसवीन. काका, एवढं तरी तुमचं फेडीन.