पाणी पिणारा कॉम्प्युटर

त्या वर्षी धरणात मृतसाठा तेवढा उरला होता आणि आमच्या इमारतीत माझी विद्वत्ता मात्र ओसंडून वाहत होती.

आम्ही बीड बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेलो होतो. शहर तिथवर आलं होतं, शहराचं पाणी आलं नव्हतं. बिल्डरनं तोट्या मात्र झकास चकचकीत बसवून दिल्या होत्या. सगळी भिस्त टँकरवर. टँकर संध्याकाळी यायचा म्हणजे संध्याकाळी कधीतरी यायचा आणि तोवर अख्खी इमारत पार्किंगमध्ये ड्रम मांडून बसलेली असायची. ताटकळलेल्या माणसांना काहीही ऐकवता येतं, हा शोध मला तिथं लागला.

ऐकवण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. तसा मी वाळूजच्या एका कारखान्यात कारकून. कॉम्प्युटरशी संबंध मालाची चलनं टाइप करण्यापुरता. पण घरी आलो की इंटरनेटवरच्या एका कट्ट्यावर माझा मुक्काम असायचा. तिथं जगभरची माझ्यासारखीच रिकामटेकडी माणसं, अजून बाजारात न आलेल्या एका कॉम्प्युटरच्या पोटात काय असेल यावर हमरीतुमरीवर यायची. कुणीतरी चोरून काढलेला म्हणे एखादा फोटो टाकायचा. फोटो इतका अंधुक, की तो पोह्यांच्या बशीचा असता तरी कळलं नसतं. त्यावरून आम्ही प्रोसेसर, मेमरी, सगळं ठरवून मोकळे. कंपनीनं इन्कार केला की आम्हाला आणखी जोर चढायचा. हे सगळं मी पार्किंगमध्ये आणून सांगायचो, तेही अशा थाटात की कंपनीवाले मला विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नाहीत. हा कॉम्प्युटर आपण घेणार, हेही मी जाहीर करून टाकलं होतं. बायकोला ते तिथंच, ड्रमजवळ कळलं.

एकदा अशाच एका फोटोत दोन काळ्या नळ्या दिसल्या आणि कट्ट्यावर एकच गिल्ला झाला. मशीन थंड ठेवायला आत पाणी फिरवणार! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली घोषणा केली, "ह्यात पंखा नसणार. पाणी असणार, पाणी!"

पार्किंग एकदम गप्प झालं. मला वाटलं, थक्क झाले.

तळमजल्यावरच्या चाचींच्या घरचं शहागंजात कूलरचं दुकान होतं. त्यांनी विचारलं, "पानी गरम हुआ तो उडेगाच ना, भाई? फिर रोज डालना पडेगा?"

"डालना पडेगा, थोडा थोडा," मी म्हणालो. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विचारलं आणि उत्तर नाही, असं त्या काळात माझ्या बाबतीत होत नसे.

उन्हाळा लागताच सोसायटीनं ठराव केला होता, कूलर बंद. जो चालवील त्याला अर्धाच ड्रम. चाचींनी, दुकान कूलरचं असून, स्वतःचा कूलर गच्चीवर नेऊन टाकला होता. पाणी वाटायचे ते सोसायटीचे अध्यक्ष. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ते पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. भाऊ अजून मेंढरं राखायचा आणि त्या साली कळप घेऊन पाण्यासाठी दूरदूर हिंडत होता. त्यामुळे पाइप हातात असला की मामांची नजर ड्रमच्या काठावरून हलायची नाही.

माझी बातमी मग माझ्याशिवायच वाढू लागली. आमच्याकडे पाणी पिणारा कॉम्प्युटर येणार आहे. त्याला रोज घागरभर लागतं. आलासुद्धा, दाराआड लपवलाय. एका संध्याकाळी मामांनी आमचा ड्रम अर्धा भरला आणि पाइप शेजारच्या ड्रममध्ये सोडला.

"मामा, अर्धाच?"

"कूलरला जो कायदा, त्योच काम्पुटरला. इथं मानसं तान्हेली, आन् मशिनीला पानी पाजायचं व्हय?"

"अहो, तो अजून निघालाच नाही. जगात कुणाकडेच नाही."

"मंग त्याच्या पोटातलं तुमाला कसं ठावं?"

"ती नुसती अफवा आहे, मामा."

"आता इन्कार करू लागलाव. कंपनीनं इन्कार केला की खरंच समजायचं, हे तुमीच सांगितलं नव्हं का?"

सगळे हसले. बायको तेवढी हसली नाही.

तिचे हाल सुरू झाले. धुण्याचं बोचकं रिक्षात घालून ती गारखेड्याला बहिणीकडे जायची आणि ओलं बोचकं घेऊन परत यायची. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, माणसाच्या बाळंतपणात बाईला त्रास होतो. हे कॉम्प्युटरचं बाळंतपण कुठं परदेशात, आन् कळा मला." मला फार वाईट वाटलं. घरातला जुना कॉम्प्युटर खाली नेऊन मी सगळ्यांपुढं उघडून दाखवला. मामा म्हणाले, "ह्यो नव्हं, त्यो दावा." न जन्मलेल्या यंत्राचं पोट कुठून उघडणार? शेवटी कट्ट्यावर लिहिलं, की पाण्याची बातमी खोटी असावी. तिथं मला लगेच पुरावा मागितला गेला, आणि एकानं तर मला कंपनीचा माणूस ठरवलं.

अखेर ते मशीन बाहेर आलं. मी ना किंमत पाहिली, ना वेग. आतलं चित्र शोधलं. पंखा होता. साधा, काळा पंखा. त्या नळ्या म्हणजे वायरी होत्या. पंखा पाहून गहिवरलेला मी त्या शहरातला एकटाच असेन. चित्र छापून घेतलं आणि टँकर आल्या आल्या मामांपुढं धरलं.

मामांनी चष्मा लावला. "पंखाच हाय की."

"हो."

"म्हंजी तुमची खबर खोटी व्हती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको ड्रमला हात लावून उभी होती. कंपनीनं ऐनवेळी बदल केला, असं कट्ट्यावर सगळे म्हणत होते, आणि ते वाक्य माझ्याही जिभेवर तयार होतं.

"खोटी होती, मामा. मला काहीच माहीत नव्हतं. फोटो बघून बोलत होतो."

लाज वाटली, चांगलीच वाटली.

"पंखा तो हमारे दुकान में भी है, भाई," चाची म्हणाल्या. "इतनी दूर कायको गए?"

मामांनी पाइप बायकोच्या हातात दिला. ड्रम भरू लागला. अर्ध्यावर आला तेव्हा मामांनी सवयीनं विचारलं, "बरं साहेब, पावसाचं काय म्हंत्यात तुमच्या त्या कट्ट्यावर?"

पुन्हा पार्किंग गप्प झालं. कट्ट्यावर आदल्याच दिवशी कुणीतरी ढगांचा एक फोटो टाकला होता. अंधुक होता, पण मला त्यात बरंच काही दिसलं होतं. मी तोंड उघडलं. बायकोनं पाइप तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही, मामा," मी म्हणालो.

त्या दिवशी आमचा ड्रम काठोकाठ भरला.