बराखीपुढे दंडाला बांधलेली पट्टी

मंगळवारी दुपारी पिंपरी पेंढारहून कॉल आला... कांद्याच्या बराखीवरून बाई पडली, हात मोडलाय. माझं अ‍ॅम्ब्युलन्सवरचं ट्रेनिंग नुकतंच सुरू झालंय. पेशंटला आधी हात लावायची जबाबदारी मला शिकवणाऱ्या सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यावर टाकली होती.

ज्यांनी मला स्टेजवर ऐकलंय त्यांना वाटेल, ही बाई चाळिशीत हे काय नवीन घेऊन बसली! वर्षानुवर्षं मी गावोगावी घसा फोडून सांगत आलेय की आपल्या वाड्या-वस्त्यांवर माणसं आजारानं कमी आणि वेळेत मदत न मिळाल्यानं जास्त मरतात. शेवटी वाटलं, सांगून झालं, आता शिकून घेऊ.

आम्ही पोचलो तेव्हा वैशाली बराखीला टेकून बसली होती. तिशीची असेल. कांदा साठवायच्या त्या बराखीवर चढताना शिडीवरून पाय निसटला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट वाकडं, सूज कोपराकडे चढत निघालेली... आणि त्या सुजेत हिरव्या बांगड्या रुतलेल्या. नुकतंच दिराचं लग्न झालं होतं. कासारानं हात दाबून दाबून भरलेल्या, एकदम घट्ट.

मी तिच्या बोटाचं नख दाबून सोडलं. नखाखाली गुलाबी रंग लगेच परतायला हवा... तो येतच नव्हता. बोटं गार पडली होती. बांगड्या तिथल्या तिथे काढल्या नाहीत तर हात कायमचा अधू होण्याची भीती होती.

"वैशाली, बांगड्या फोडाव्या लागतील. काच लागू देणार नाही तुला."

तिनं मोडलेला हात तसाच पोटाशी ओढला. केवढी कळ आली असेल... "न्हाई ताई! मालक पिकअप घेऊन वाशीला गेल्यात. ते रस्त्यावर असताना हात मोकळा करू व्हय?"

झालं. माझ्या आतली सगळी भाषणं एकदम उभी राहिली. काचेचा आणि नवऱ्याच्या आयुष्याचा काय संबंध, ही ओझी बाईच्याच अंगावर का... मी सुरूही केलं. कांदा भरायला आलेल्या बायका भोवती जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आवो ताई, हितं तिचा जीव चाललाय अन् तुमी शाळा घेताय व्हय!"

बायका हसल्या. कळा सोसत वैशालीही हसली. सर बॅगेतून स्प्लिंट काढत होते, ते मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आधी परवानगी मिळवा. वाद नंतर जिंका."

माझं म्हणणं आजही तेच आहे, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण समोर बोटं निळी पडत होती... मी गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, "तुमच्यात बांगड्या बदलताना काय करतात?"

"दोरा बांधत्यात. हात मोकळा ठेवत न्हाईत."

"मग तसंच करू. मनगटाला नको, वर दंडाला बांधू, सैल. चालेल?"

थोडा विचार करून तिनं मान हलवली. मी गॉझची लांब पट्टी कापली आणि बांधायला पुढे झाले, तर म्हणाली, "तुमी नको. आमच्या आत्या बांधतील."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. सून पडल्यावर पहिल्या धावल्या त्याच होत्या म्हणे. पण बांगड्यांचा विषय निघाला तशा मागे सरकून बराखीच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मोकळं कपाळ, मोकळे हात.

"मी न्हाई गं," त्या तिथूनच म्हणाल्या. "एखादी सवाशीण बघ की. इतक्या जणी हायेत."

"आत्या, मला तुमच्याच हातचा पायजे. या लवकर, लई दुखतंय."

मघाशी मला टोमणा मारणारी बाई बाजूला झाली आणि तिनं वाट करून दिली. आत्या आल्या. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, मग पट्टी घेतली. त्या गाठ मारू लागल्या. मी म्हटलं, आत एक बोट जाईल इतकी सैल ठेवा. त्यांनी स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, "आता दे त्यांला हात. मी धरते तुला."

मी बांगडीखाली गॉझची घडी सरकवायची, वर ओलं कापड टाकायचं आणि चिमट्यानं दाबायचं... काच तडकली की वैशाली डोळे मिटायची आणि आत्या तिच्या केसांवरून हात फिरवायच्या. शेवटची बांगडी निघाली. सरांनी हाताला आधार देऊन स्प्लिंट बांधली. थोड्या वेळानं नखाखाली हळूहळू गुलाबी रंग आला.

मला रडू आलं. ड्युटीवर ते चालत नाही. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

विधवा बायकांच्या मानाबद्दल मी किती सभांत बोललेय... त्यातल्या कुठल्या सभेनं कुठल्या आत्यांना त्या टोकावरून इथवर आणलं, खरंच माहीत नाही. वैशालीनं मोडका हात पोटाशी धरून हाक मारली आणि त्या आल्या.

दवाखान्यात सोपवताना मी पेशंटचं नाव, वय, कशी पडली, बोटांचा रक्तपुरवठा कसा आहे, सगळं न अडखळता सांगितलं. परतीच्या रस्त्यावर लक्षात आलं... वैशालीच्या सासूबाईंना सगळ्यांनी आत्याच म्हटलं, मीसुद्धा. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

रविवारी पेंढारला जातेय. तेवढंच विचारायला.