एका अंगाची धार

टोमॅटो सर्रकन कापला गेला की चाकू चांगला, हे आमच्या सासूबाईंचं शास्त्र. माझा कलमाचा चाकू त्यांनी याच परीक्षेत पास केला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडून पुजतात. गेल्या वर्षी पूजेआधी सकाळीच सायकलवाला धारवाला दारावर आला. मी बाजाराला गेले होते. सासूबाईंनी विळी, खुरपी, कोयता काढून दिला आणि माझ्या रोपवाटिकेच्या पेटीतला घडीचा चाकूही. देवाला बोथट हत्यार कसं दाखवायचं, हा त्यांचा विचार. मी परत आले तेव्हा चाकू मिटलेला होता आणि त्याच्या मुठीला हळदीकुंकू लागलेलं होतं. पूजेचं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत, आणि पुढे सीताफळाच्या कलमांचा हंगाम येईपर्यंत मला त्याचं काम नव्हतं. तो तसाच पेटीत गेला.

हंगाम जानेवारीत आला, तोही घाईनं. माझं माहेर कर्जतकडं. तिथल्या बांधावर एक सीताफळाचं झाड होतं. बिया मोजक्या, गर घट्ट, फळ उललं तरी पाणी सुटत नसे. तसं झाड मी नंतर कुठे पाहिलं नाही, आणि रोपं विकणारी बाई बरीच झाडं पाहते. नेमक्या त्याच जागेवर भाऊ शेततळं खोदत होता. झाड पाडण्याआधी कलमासाठी त्याच्या काड्या घेऊन ये, असं मी त्याला बजावलं होतं. तो ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून मोटारसायकलवर माझ्या सासरी, कोल्हारला आला.

"आक्का, जेसीबी सकाळीच लागला. झाड गेलं."

म्हणजे त्या झाडाचं जे काही उरलं होतं, ते माझ्या ओसरीवर त्या गोणपाटात होतं.

"ठेवल्या तर टिकतील का गं?"

"टिकवायच्या नसतात, बांधायच्या असतात."

मी पहिली काडी घेतली आणि पाचरीसाठी तिरका काप दिला. काप पन्हाळीसारखा खोलगट आला. दुसरी काडी घेतली, तेच. दोन काप एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले, तर मधून अंगण दिसत होतं. एवढी फट राहिली की कलम वाळणारच. मी पातं उलटंसुलटं करून पाहिलं आणि काय झालंय ते कळलं. कलमाच्या चाकूची एक बाजू पाटीसारखी सपाट असते, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट बाजू लाकडाला टेकून चालते, म्हणून काप सरळ येतो. धारवाल्यानं विळीच्या न्यायानं दोन्ही बाजूंना उतार देऊन टाकला होता.

"धार तर लई हाय की," सासूबाई म्हणाल्या. "म्या सवता टमाटं कापून बघितलं."

"टोमॅटोची कलमं करायची नाहीत, आई."

"ब्लेडनं कर," भाऊ म्हणाला.

"ब्लेड वाकतं. काडी आहे ती, दाढी नाही."

तालुक्याच्या दुकानात फोन केला. नवा चाकू पुढच्या आठवड्यात येणार होता. म्हणजे जे करायचं ते घरीच.

धारेचा दगड काढला, तर तो विळे घासून घासून मध्ये खोलगट झालेला. खोलगट दगडावर सपाट पातं होत नाही. म्हणून न्हाणीजवळच्या शहाबादी फरशीवर वाळू टाकली, पाणी ओतलं आणि दगडच पालथा घालून घासायला लागले.

"दगडाला कुठं धार लावत्यात का?" सासूबाई भावाला म्हणाल्या. "तुजी भन येडी झालीया."

"ती पहिल्यापासूनच हाय, मावशी."

दगडाचा खड्डा गेला. मग पात्याची सपाट बाजू मार्करनं काळी केली आणि दगडावर पूर्ण टेकवून घासली. सगळीकडची शाई गेली, फक्त धारेलगत एक काळी रेघ राहिली. धारवाल्यानं दिलेला उतार तो हाच. ती रेघ जाईपर्यंत थांबायचं नव्हतं. दगड ओला करायचा, बोटांनी पातं दाबायचं, घासायचं, पुन्हा शाई लावून बघायचं. खांदे भरून आले. रेघ बारीक झाली, तुटली, गेली.

उताराच्या बाजूला कोन बदलू न देता थोडंच घासलं. कडेला केसाएवढी किनार वळून वर आली, बोटाला खरखर लागली. पातं उलटून सपाट बाजूवर हलका हात फिरवला, तशी ती निघाली.

"पट्टा काढ," मी भावाला म्हटलं.

"आं?"

"कमरेचा. चामड्याचाच आहे ना?"

एका हातानं पँट धरून तो उभा राहिला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ताणला आणि त्यावर पातं पुसलं.

काडी घेतली. काप दिला. आवाजसुद्धा झाला नाही. दुसरा काप दिला, दोन्ही एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. उजेड नाही. मी ते सासूबाईंच्या डोळ्यांसमोर नेले.

"काय दिसतंय?"

"काय बी न्हाई."

"हेच पाहिजे होतं."

मग मी थांबले नाही. पिशवीतल्या गावठी सीताफळाच्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोड मधोमध चिरायचं, काडीची पाचर त्यात बसवायची. भाऊ पिशव्या सरकवत होता. सांध्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सासूबाईंनी बांधल्या, आणि त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा घट्ट, हे मान्य करते. गोणपाट रिकामं झालं तेव्हा ऊन अंगणातून गेलं होतं.

काही आठवड्यांनी पहिला फुटवा सासूबाईंनाच दिसला. शेडमधून एवढ्या जोरात ओरडल्या की मी साप निघाला म्हणून काठी घेऊन धावले. एकेका काडीवर हिरवा ठिपका धरलेला. वाळलेल्या शोधायला निघाले, तर ओंजळभरसुद्धा निघाल्या नाहीत. कुठल्याच हंगामात माझी कलमं इतकी साधली नव्हती.

पावसाळ्यात भावानं ती रोपं शेततळ्याच्या भरावावर रांगेनं लावली. एकाच्या जागी आता रांग आहे.

यंदा नवमीच्या आधी धारवाला आला. सासूबाईंनी विळी, खुरपी, कोयता त्याच्यापुढे टाकला. त्यानं पेटीवरच्या घडीच्या चाकूकडे बोट केलं.

"त्याला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येची धार घरात लागती."

पूजेला चाकू पाटावर होताच. शेजारी त्यांनी तो दगडही मांडला होता, हळदीकुंकू लावून.